१०.०.२.२ वर कोण राहतं?

या क्षणी जगातल्या असंख्य संगणकांचा पत्ता एकच आहे: १०.०.२.१५. सगळे एकाच वेळी इंटरनेटवर आहेत आणि कुणाची कुणाशी टक्कर होत नाही. ही सगळी व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारे संगणक. लिनक्सच्या लॅपटॉपवर असे संगणक चालवणारा क्यूएमू हा प्रोग्रॅम सुरू करा, त्यात फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली प्रणाली बसवा आणि नेटवर्कबद्दल काहीच सांगू नका. तिच्याही वाट्याला हाच पत्ता येतो.

फ्रीबीएसडीमध्ये करायचं काम एका ओळीचं. आरसी.कॉन्फ या फाइलीत ईएम० या नेटवर्क कार्डापुढे डीएचसीपी, म्हणजे ‘पत्ता मागून घे’, असं लिहायचं, बस्स. हे कार्डसुद्धा इंटेलच्या एका जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल आहे. मशीन सुरू झालं की ते हाळी देतं, ‘मला कुणी पत्ता देतं का?’ लगेच उत्तर येतं: तू १०.०.२.१५, बाहेर जायचं दार १०.०.२.२, आणि नावांवरून पत्ते विचारायचे ते १०.०.२.३ ला. दहाने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते इंटरनेटवर चालतच नाहीत, म्हणून ज्याने त्याने आपल्या घरात खुशाल वापरावेत.

पण मग १०.०.२.२ वर राहतं कोण? राउटर? केबल तर कुठेच नाही. मशीनमध्ये एआरपीचा तक्ता, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्याचा हार्डवेअर पत्ता कोणता याची यादी, उघडून बघा. या दाराचा हार्डवेअर पत्ता दिसतो ५२:५५:०ए:००:०२:०२. शेवटच्या चार जोड्या नीट वाचा. षोडशमानातला ०ए म्हणजे आपला १०. म्हणजे १०, ०, २, २. हार्डवेअर पत्ता म्हणून त्याने स्वतःचा आयपी पत्ताच पुढे केलाय! तिथे यंत्र नाही. क्यूएमूच्या आतला स्लर्प नावाचा कोड सगळी उत्तरं देतोय.

आणि तो जे करतो ते मला घरच्या राउटरच्या नॅटपेक्षा कितीतरी विलक्षण वाटतं. राउटर डेटाच्या पाकिटावरचा पत्ता खोडून स्वतःचा घालतो, तक्त्यात नोंद ठेवतो आणि पाकीट पुढे ढकलतो. स्लर्पला तेवढीही मुभा नाही. तो तुमच्या नावाने चालणारा एक साधा प्रोग्रॅम, ब्राउझरइतकाच अधिकार असलेला. पाकिटं जशीच्या तशी तारेवर सोडायची तर प्रशासकाची परवानगी लागते. म्हणून तो पाकीट फोडतो, आतला मजकूर काढतो आणि स्वतः नव्याने पाठवतो.

फ्रीबीएसडी एखाद्या वेबसाइटला जोडणीची पहिली विनंती पाठवते, तेव्हा स्लर्प ती अडवतो आणि लिनक्सला सांगतो, ‘मला या साइटशी जोडून दे.’ खरी जोडणी झाली की मगच आत होकार कळवतो. समोरून नकार आला, तर आतही नकार. समोरच्या सर्व्हरला वाटतं लॅपटॉपवरचा कुठलासा प्रोग्रॅम बोलतोय. फ्रीबीएसडीला वाटतं आपण थेट सर्व्हरशी बोलतोय. प्रत्यक्षात जोडण्या दोन आणि मध्ये दुभाषा एक.

हा दुभाषा क्यूएमूहूनही जुना आहे. डॅनी गॅस्परोव्हस्की यांनी स्लर्प लिहिला १९९५ मध्ये, आणि त्याचा व्हर्च्युअल मशीनशी काडीचा संबंध नव्हता. तेव्हा मोडेमवरून मिळणारं स्वस्त खातं म्हणजे शेल अकाउंट: दूरच्या युनिक्स संगणकावर नुसती अक्षरं टाइप करायची. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा मुंबईतल्या विद्यार्थ्यांनाही असंच अक्षरांपुरतं खातं मिळायचं. त्या दूरच्या संगणकावर, कुणाचीही परवानगी न मागता, स्लर्प चालवला की अक्षरांच्या त्याच वाटेवरून खरं इंटरनेट वाहू लागायचं. पुढे क्यूएमूने तोच कोड उचलला, व्हर्च्युअलबॉक्सचं नॅटही त्यातूनच निघालं.

त्याहून थक्क करणारी गोष्ट अशी की, स्लर्पमधला टीसीपीचा, म्हणजे जोडण्या सांभाळणारा, कोड बर्कलीच्या ४.४बीएसडीमधून घेतलेला आहे. फ्रीबीएसडीचा टीसीपीही त्याच खोडातून फुटलेला. म्हणजे आतलं मशीन जेव्हा खोट्या दाराशी बोलतं, तेव्हा एकाच घराण्यातली दोन भावंडं बोलत असतात.

बाहेरून आत यायला मात्र वाट नसते, कारण प्रत्येक जोडणी आतूनच सुरू व्हायला हवी. एसएसएचने, म्हणजे दूरून लॉगिन करून, आत शिरायचं असेल तर क्यूएमूला सांगावं लागतं की लॅपटॉपच्या २२२२ पोर्टवर येणारं सारं आतल्या २२ ला दे.

नवखे सगळ्यात जास्त अडतात ते पिंगपाशी. वेबसाइट उघडते, १०.०.२.२ ला केलेल्या पिंगचं उत्तर येतं, बाहेरच्या पत्त्याचं मात्र येत नाही, आणि माणूस तासभर सेटिंगची उलथापालथ करतो. बिघाड काहीच नसतो. दाराचं उत्तर स्लर्प स्वतः देतो, पण बाहेर पिंग पाठवायला पूर्वी प्रशासकाचाच हक्क लागायचा. लिनक्सने २०११ पासून साध्या प्रोग्रॅमलाही ती सोय दिली, पण पिंग_ग्रुप_रेंज या सेटिंगमध्ये तुमच्या गटाचा क्रमांक बसत असेल तरच. तो बसवा, नाहीतर पिंगचा नाद सोडून फ्रीबीएसडीच्या फेच आज्ञेने एखादं पान उतरवून बघा. पान आलं, म्हणजे नेटवर्क चालू आहे.