विश्लेषण : लोकप्रियतेच्या शिखरावर ग्रुप सोडणारी जपानी गायिका अभिनेत्री कशी झाली?

जपानमधील ‘एकेबी४८’ या गर्ल ग्रुपचा चेहरा असलेल्या आत्सुको माएदाने २०१२ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी ग्रुप सोडला. चाहत्यांच्या मतांवर मिळालेले पहिले स्थान सिनेमात कितपत उपयोगी पडते, हा तेव्हाचा प्रश्न होता.

‘एकेबी४८’ची सुरुवात कशी झाली?

निर्माते यासुशी आकिमोटो यांची कल्पना होती, ‘प्रत्यक्ष भेटता येतील अशा आयडॉल’ची. टोक्योच्या अकिहाबारा भागातील सुमारे २५० आसनांच्या थिएटरमध्ये डिसेंबर २००५ मध्ये पहिला कार्यक्रम झाला. तिकीट काढून आलेले प्रेक्षक जेमतेम सात होते. माएदा तेव्हा १४ वर्षांची होती.

‘निवडणूक’ काय असते?

सीडीसोबत मतपत्रिका मिळे. जितक्या सीडी, तितकी मते. त्यामुळे ही लोकप्रियता की खरेदी, अशी टीकाही होई. माएदा २००९ मध्ये पहिली, २०१० मध्ये दुसरी आणि २०११ मध्ये १,३९,८९२ मतांसह पुन्हा पहिली आली. ‘मी आवडत नसले तरी ग्रुपचा राग करू नका’, अशा आशयाचे आवाहन तिने त्या वेळी रडत केले होते.

ग्रुप सोडल्यावर काय झाले?

सदस्याने ग्रुप सोडण्याला जपानमध्ये ‘पदवीदान’ म्हणतात. ऑगस्ट २०१२ मध्ये टोक्यो डोममधील कार्यक्रमांनंतर माएदाने अकिहाबाराच्या त्याच छोट्या थिएटरमध्ये निरोप घेतला. पुढच्याच वर्षी नोबुहिरो यामाशिता यांच्या ‘तामाको इन मोराटोरियम’मध्ये ती झळकली. पदवीनंतर वडिलांच्या दुकानवजा घरी परतून नुसती खाणारी, लोळणारी मुलगी तिने साकारली. आयडॉलचा झगमगाट त्यात कुठेच नव्हता.

गायन मागे पडले का?

नाही. दिग्दर्शक कियोशी कुरोसावा (अकिरा कुरोसावा यांच्याशी त्यांचे नाते नाही) यांनी तिला घेऊन ‘सेव्हन्थ कोड’ केला. २०१३ च्या रोम चित्रपट महोत्सवात त्यांना त्यासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्याच ‘टू द एंड्स ऑफ द अर्थ’ने २०१९ च्या लोकार्नो महोत्सवाचा समारोप झाला. उझबेकिस्तानात चित्रित झालेल्या या सिनेमात माएदा टीव्हीवरील प्रवास कार्यक्रमाची निवेदिका आहे. कॅमेऱ्यासमोर हसरी, एरवी घाबरलेली आणि मनातून गायिका व्हायचे असलेली. शेवटी ती डोंगरावर एकटीच गाते. तिथे प्रेक्षक नाहीत, मतेही नाहीत. आयडॉल म्हणून घालवलेली वर्षे या भूमिकेत तिच्या कामी आली.