वकिलाची कचेरी आणि तिची वही

नालासोपारा स्टेशनाच्या पूर्वेला उतरून तुळिंजच्या रस्त्याला लागले, की औषधांच्या आणि किराण्याच्या दुकानांमधून वकिलांच्या पाट्या दिसू लागतात. आत जाऊन पाहावे तर लहानशी खोली, एक टेबल, खुंटीला काळा कोट, कपाटात फितीने बांधलेल्या फायली आणि बाहेरच्या बाकावर वाट पाहणारी तीन-चार माणसे. वकील एकच. हाताखाली एखादा ज्युनिअर आणि एक कारकून, आणि तोही असलाच तर. सकाळी वसईचे न्यायालय, एखाद्या दिवशी पालघर, केव्हा ठाणे. संध्याकाळी सातनंतर कचेरी. आपल्या राज्यातल्या बहुतेक सामान्य माणसांचा कायद्याशी संबंध येतो तो असल्याच खोलीत. मोठ्या शहरातल्या बड्या वकील-मंडळींची वेगळी माणसे, वेगळे हिशेबनीस असतात. इथे सगळे एका माणसाच्या डोक्यात असते, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

आमच्या मामांचे उदाहरण सांगतो. बांधावरून शेजाऱ्याशी तंटा झाला, दावा लावला. वकील चांगले शिकलेले, न्यायालयात मान असलेले. पण पुढची तारीख ते हाताला येईल त्या चिठ्ठीवर लिहीत आणि चिठ्ठी कोटाच्या खिशात टाकीत. एका तारखेला ते दुसऱ्या न्यायालयात अडकले. मामांना तारीख कोणी कळविलीच नव्हती. पुकारा झाला, समोरची बाजू हजर, आमच्या बाजूने कोणी उठले नाही, आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. अशा वेळी त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही; काढून टाकलेला दावा पुन्हा चालू करा, असा अर्जच करावा लागतो, आणि त्याची मुदत असते 30 दिवस. मामांना कळले चार महिन्यांनी! मग उशीर का झाला याची कारणे द्या, उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करा, असे करता करता दोन वर्षे गेली आणि मूळ बांध तिथेच राहिला. वकिलांनी लबाडी केली, असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापाशी विद्या होती, वही नव्हती.

तेव्हा छोट्या कचेरीची पहिली गरज म्हणजे तारखांची वही. ती दोन ठिकाणी लिहावयाची: एकदा दिवसाच्या पानावर, म्हणजे उद्या कोणकोणत्या न्यायालयात काय आहे ते दिसते; आणि एकदा त्या त्या फायलीच्या पहिल्या पानावर, म्हणजे या प्रकरणाचे आजवर काय झाले ते दिसते. तारीख मिळाली की न्यायालयाची पायरी उतरण्याच्या आत ती लिहिली पाहिजे. नुसती तारीख नव्हे, ती कशासाठी आहे तेही. साक्षीसाठी की युक्तिवादासाठी? पक्षकाराला एस.टी. पकडून यावयाचे की नाही, हे त्यावरच ठरते. आणि त्याच संध्याकाळी पक्षकाराला फोन किंवा संदेश. हे काम कोणाचे, ते नावानिशी ठरलेले असावे. 'कोणीतरी कळवील' म्हटले की कोणीच कळवीत नाही, हे आपण शाळेच्या स्नेहसंमेलनातही पाहतोच.

कोणी म्हणेल, आता तारखा मोबाइलवर दिसतात, वही कशाला? खरे आहे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा आणि आकड्यांचा मिळून एक सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्टच्या सेवेत तो घातला की पुढची तारीख दिसते. पण दिसते ती पाहणाऱ्याला. रोज संध्याकाळी कोणी बसून पाहावयाचे, हा प्रश्न यंत्राने सुटत नाही.

दुसरी वही मुदतींची, आणि माझ्या मते हिचे महत्त्व पहिलीपेक्षाही अधिक. तारीख न्यायालय देते, पण मुदत कायदा देतो, आणि तिची आठवण करून द्यावयाला कोणी येत नाही. न वटलेल्या चेकचेच पाहा. समजा, चेक परत आल्याचा बँकेचा कागद तुम्हाला 5 मार्चला मिळाला. तेव्हापासून 30 दिवसांत, म्हणजे 4 एप्रिलपर्यंत, चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. ती त्याला 10 एप्रिलला पोचली, तर पैसे द्यावयास त्याला 15 दिवस. 25 एप्रिलपर्यंत थांबावयाचे. पैसे आले नाहीत, तर त्यापुढे एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. आता पक्षकार वकिलाकडे येतो केव्हा? बहुधा पंचविसाव्या दिवशी, कारण तोवर 'देतो, देतो' ऐकण्यात दिवस गेलेले असतात. म्हणून कागद टेबलावर आला त्याच दिवशी नोटिशीची शेवटची तारीख वहीत लिहावी आणि तिच्या आधीच्या आठवड्यात एक इशाऱ्याची नोंद करावी. नोटीस पोचल्याची पोच आली की पुढच्या दोन तारखाही तशाच लिहाव्या. पोस्टाची पावती आणि पोच फायलीला डकवून ठेवावी. ती हरवली तर सगळा हिशेब हवेत जातो.

दाव्याचे समन्स मिळाले तर लेखी कैफियत 30 दिवसांत द्यावयाची. न्यायालय ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. निकालाविरुद्ध अपील जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90 दिवसांत. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज केल्याची तारीखही त्याच वहीत हवी.

कागदांविषयी थोडे. खरेदीखत, सातबारा, जुना करार यांच्या प्रती घेऊन मूळ कागद शक्यतो परत द्यावे, आणि ठेवणे भागच असेल तर पोच लिहून द्यावी. पैशांची रीतही अशीच. फी वेगळी, कोर्ट-फी आणि टपालखर्च वेगळा, आणि पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे हे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाचे कर्तव्यच आहे. फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट सांगितले आहे. पुष्कळ पक्षकारांना हे ठाऊक नसते. आणि खरे सांगावयाचे तर काही वकिलांनाही नसावे. शिवाय नावांची एक अकारविल्हे यादी हवी. तुळिंजसारख्या वस्तीत वाटणीच्या भांडणातले दोघे भाऊ एकाच आठवड्यात एकाच कचेरीत येऊ शकतात. पहिल्याचे नाव वहीत असले, तर दुसऱ्याला दारातच सांगता येते.

आता प्रश्न असा, की नव्या वकिलाकडे माणसे येणार कशी? दुकानदार जाहिरात करतो; वकिलाला ती करता येत नाही. 1961 च्या वकिलांच्या कायद्याखाली बार कौन्सिलने केलेल्या नियमांतला छत्तिसावा नियम सांगतो, की वकिलाने जाहिरात देऊन, दलाल लावून किंवा मागे लागून काम मिळवू नये. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची असावी. 2008 साली या नियमात थोडी सूट मिळाली: आपल्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढे देता येते. इंटरनेटवरून गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या मंडळींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने 2024 साली कडक आदेश दिला.

ही कडकपणाची भूमिका आली कोठून? मुंबईच्या एस्प्लनेड इथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात काही वकील उभे राहत, आलेल्या पक्षकारावर झडप घालीत आणि त्याच्या कागदांसाठी एकमेकांत ओढाताण करीत, असा आरोप होता. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने कारवाई केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1975 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या वागण्यावर कोरडे ओढले. विचार करा, अटक झालेल्या मुलाचा बाप घाबरून न्यायालयाच्या दारात आला आहे आणि चार काळे कोट त्याचा हात ओढीत आहेत! त्याने निवड करावी ती कशी?

तरी मला वाटते, की हा नियम नवख्या वकिलावर जरा जड पडतो. ज्याचे वडील-आजे वकील, त्याच्या पाटीला जाहिरात लागत नाही. पहिल्या पिढीतल्या शेतकऱ्याच्या मुलीने काय करावे? तिच्यापाशी मार्ग थोडे आहेत, पण आहेत. तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलसाठी अर्ज करावा आणि शिबिरांत बोलावे. पत्ता वाटावयाला नव्हे, वारसनोंद कशी करतात ते सांगावयाला. फोन घेण्याची वेळ ठरवून ती पाळावी. प्रकरण संपले की निकालाची प्रत आणि हिशेब पक्षकाराला देऊन मगच फाइल बंद करावी. नव्या माणसाला 'आमच्याकडे कोणाच्या सांगण्यावरून आलात?' एवढे विचारून वहीत टिपावे. वर्षाअखेरीस ती पाने चाळली, की बहुतेक माणसे जुन्या पक्षकारांनी पाठविलेली दिसतील, आणि त्यांतलेही बरेचसे दावा हरलेले असतील. हरलेला माणूस दुसऱ्याला त्याच वकिलाकडे का पाठवितो? तारीख चुकली नाही आणि पैशाचा हिशेब मिळाला, म्हणून.

खेड्यात 'कोणता वकील करू?' हा प्रश्न बहुधा गुरुजींना विचारला जातो. गुरुजी, तुम्ही नाव सांगा, पण त्याबद्दल कोणाकडून काही घेऊ नका. दलालांच्या याद्या तयार करण्याचा अधिकार 2023 च्या दुरुस्तीने उच्च न्यायालयाला आणि जिल्हा न्यायाधीशांना दिला आहे. नाव सांगण्यापूर्वी त्या कचेरीत दहा मिनिटे बसा. कोणी तारीख विचारली, तर उत्तर वहीतून येते की आठवणीतून, ते पाहा. पैसे घेतल्यावर पावती फाटते का, ते पाहा. ज्याला फी झेपत नाही त्याला विधी सेवा समितीकडे पाठवा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न घालता तिथे वकील मिळतो, आणि फोनवर विचारावयाचे तर क्रमांक 15100 आहे. ज्याचे प्रकरण आधीच चालू आहे, त्याला वकिलाकडून तो सोळा अक्षरी क्रमांक लिहून आणावयास सांगा आणि घरातल्या शिधापत्रिकेच्या पाठीमागे डकवून ठेवा. घरातले कोणतेही शिकते पोर मोबाइलवर तारीख पाहून सांगेल.