घड्याळाकडे पाहणारी मैत्रीण

एकटीने परदेशी निघाले की ओळखीपाळखीचे विचारतात, ‘भीती नाही वाटत?’ यंदा वाटली, पण ती रस्त्याची नव्हे. वीस वर्षांनी भेटणाऱ्या शाळेतल्या मैत्रिणीची!

सिंगापूरला सगळेच आखीव. १९८७ साली सुरू झालेली एमआरटी वेळेवर धावणारी. तिथल्या बहुसंख्य रहिवाशांप्रमाणे मैत्रीणही सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या उंच इमारतीत राहते. तिने आठवणीने थालीपीठ लावले. पण गप्पा मारताना सारखी घड्याळाकडे बघत होती. मन खट्टू झाले.

तिथून हनोई. जुन्या ‘छत्तीस गल्ल्यां’च्या भागात दुचाकींचा न संपणारा लोंढा! पलीकडे जायचे कसे? तिथल्या मैत्रिणीने हात धरला. म्हणाली, ‘थांबू नकोस, पळू नकोस. सावकाश चालत राहा. ते वळसा घालून जातात.’ आणि खरेच, आम्ही पलीकडे पोहोचलो.

त्या रात्री धीर करून सिंगापूरला फोन लावला. घड्याळाचे विचारलेच.

‘अगं, तुझ्या विमानाला किती तास उरलेत, ते मोजत होते,’ ती म्हणाली. ‘तू गेलीस आणि घर खायला उठलं.’

दोन्ही शहरे मी नकाशा घेऊन हिंडले. मैत्रिणीचे मन मात्र विचारल्यावाचून कळले नाही.