व्यसन, अनुयोग आणि भावना : सवयीची पाली परिभाषा

मराठीत ‘व्यसन’ म्हटले की दारू, तंबाखू, जुगार डोळ्यांपुढे येतात. पाली वाचताना हाच अर्थ गृहीत धरला तर घोटाळा होतो. पालीत ‘ब्यसन’ म्हणजे प्रामुख्याने हानी, आपत्ती. ञाति, भोग, रोग, सील आणि दिट्ठि अशी ५ ब्यसने सांगितली आहेत. ‘ञातिब्यसन’ म्हणजे नातलगांचा नाद नव्हे, तर नातलगांचा नाश होय.

मग आपल्या ‘व्यसना’ला पाली शब्द कोणता? दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात संपत्तिनाशाची ६ द्वारे सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, कुसंगती व आळस. यांपैकी ५ नावांच्या अखेरीस ‘अनुयोग’ हा शब्द येतो. ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे. मनुष्य स्वतःला त्या गोष्टीला जुंपून घेतो, तो अनुयोग. परंतु जागृत राहण्याच्या अभ्यासालाही पालीत ‘जागरियानुयोग’ असेच म्हटले आहे. शब्द तोच, दिशा मात्र वेगळी.

‘आसेवित’, ‘भावित’, ‘बहुलीकत’ या त्रयीचेही असेच आहे. सेवन केलेले, वाढविलेले, वारंवार केलेले, असा त्यांचा क्रमाने अर्थ. मेत्ताभावनेच्या संदर्भात ही त्रयी आपल्या परिचयाची आहे. अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात मात्र हेच शब्द प्राणिहिंसा, चोरी व मद्यपान यांनाही लावले आहेत. अशा नित्याच्या कर्माला अभिधम्माच्या परंपरेत ‘आचिण्ण’ म्हणतात. ते कुशल असेल किंवा अकुशलही.

‘अनुसय’ याहून खोल आहे. कामराग, पटिघ, दिट्ठि, विचिकिच्छा, मान, भवराग व अविज्जा हे ७ अनुसय चित्तात सुप्त राहतात आणि निमित्त मिळताच उठतात. म्हणूनच बाटली दूर ठेवणे ही केवळ सुरुवात ठरते. पाचव्या शीलात मद्याला ‘पमादट्ठान’, म्हणजे बेसावधपणाचे स्थान, म्हटले आहे, ते याच दृष्टीने पाहावे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. एखाद्या बांधवाला ‘व्यसनी’ म्हणून आपण निकालात काढतो, तेव्हा ती सवय म्हणजे त्याचा स्वभावच आहे असे मानतो. पाली परिभाषा तसे मानत नाही. जे वारंवार करण्याने वाढले, ते न करण्याने क्षीण होते. आणि त्याच्या जागी जे वारंवार करावयाचे, त्यालाच आम्ही भावना म्हणतो.