आधी पाळणे, मग बोट

सुटीचा हिशोब : लेखांक सातवा

"सर, बोट आधी घ्यायची का पार्क?" विंचूरच्या उपबाजारात कांद्याचा ट्रॅक्टर लावून बसलेल्या एका वाचकानं मागच्या लेखांकानंतर फोन करून हे विचारलं. घरात सहा माणसं. नवरा-बायको, दोन पोरं आणि म्हातारे आई-वडील. पोरांना मोठ्या पाळण्यात बसायचंय, वडिलांना एकदा बोटीनं गोवा बघायचाय, आणि दोन्ही एकाच सुटीत उरकायचंय. बहुतेक लोक आधी ‘कितीला पडेल’ विचारतात. यांनी क्रम विचारला, म्हणून आजचा लेखांक त्याच्यावरच.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पार्क आधी, बोट नंतर. पार्क तुमच्यासाठी थांबतं, बोट थांबत नाही. कसारा घाटात मालगाडी अडकली किंवा रस्त्यात कंटेनर आडवा झाला, तर पार्कचा अर्धा दिवस बुडेल, एवढंच. बोटीचं चेक-इन मात्र बोट सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि त्यानंतर धक्क्यावर कितीही गयावया केली तरी उपयोग नसतो. पार्क आधी ठेवलं की मध्ये एक दिवस हाताशी राहतो. शिवाय पार्कात दिवसभर उन्हातल्या रांगा आणि चालणं असतं. त्यानंतर बोटीवर पाय पसरायला मिळतात. उलट केलं, तर बोटीवर आळसावलेल्या पोरांना सकाळी सातला उठवून पार्काच्या दारात उभं करावं लागतं, आणि ते काम शेवटी आईच्याच गळ्यात पडतं.

ही जोडी लावायची कल्पना अमेरिकेतली. फ्लोरिडात ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड आणि पोर्ट कॅनाव्हरल हे बंदर यांच्यात मोटारीनं तासाभराचं अंतर. १९८५ साली प्रीमियर क्रूझ लाइन या कंपनीनं डिस्नेशी करार केला आणि तीन-चार रात्री बहामाची बोट, उरलेले दिवस पार्क, असा आठवड्याचा एकच सौदा विकायला काढला. तिच्या बोटी लाल रंगाच्या असत, लोक त्यांना ‘बिग रेड बोट’ म्हणत. करार १९९३ पर्यंत चालला. पुढे डिस्नेनं स्वतःचीच बोट बांधली आणि जुलै १९९८ मध्ये ‘डिस्ने मॅजिक’ निघाली. यात हुशारी होती ती अंतराची. पार्क आणि धक्का जवळ असल्यामुळे प्रवासात दिवस वाया जात नव्हता. तिकडे मुला-सुनेकडे गेलेले आपल्याकडचे आई-वडील आजही हीच सफर करतात. त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम, आणि सप्टेंबरचं तिकीट स्वस्त असतं ते त्यामुळेही.

तसं बघितलं तर बोट आणि पार्क आपल्या पिढीनंही एका दिवसात केलंय, तेही शाळेच्या सहलीत. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि निफाड तालुक्यातल्या पोरांना लाल एसटीतून मुंबई बघण्याचं एक नवं निमित्त मिळालं. मार्वेच्या किंवा गोराईच्या जेट्टीवर बस सोडायची, खाडी ओलांडणाऱ्या बोटीत चढायचं. देशावरची पोरं ती. पाणी बघितलेलं ते नांदूरमध्यमेश्वरच्या धरणाचं नाही तर विहिरीचं. बोट हलली की अर्धी पोरं कठडा धरून गप्प, अर्धी आरडाओरडा करत, आणि सर एक-एक डोकं मोजत फिरायचे. पार्कात काय काय बघितलं ते पुढे विसरायला झालं, ती दहा-पंधरा मिनिटांची बोट मात्र वर्गात महिनाभर पुरायची. एस्सेलवर्ल्डचे पाळणे आता बंद झालेत.

आज महाराष्ट्रात ही जोडी लावायची तर दोन नावं समोर येतात. पार्क म्हणजे खोपोलीजवळचं इमॅजिका, २०१३ साली सुरू झालेलं. बोट म्हणजे मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’. ही बोट नवी नाही. फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेली, १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावानं पाण्यात उतरलेली, दोन-तीन नावं आणि मालक बदलून २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारी. लांबी दोनशे मीटरच्या वर. जुनी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, पण परदेशी बोटींचे व्हिडिओ बघून गेलात तर केबिन लहान वाटेल.

इमॅजिका आता मालपाणी समूहाकडे आहे. म्हणजे संगमनेरच्या गाय छाप जर्दावाल्यांकडे. शिर्डीचं वेट एन जॉय वॉटर पार्क आणि साई तीर्थही त्यांचंच. आणि इथेच विंचूरकरांनी थोडा विचार करावा. विंचूरच्या तीन पाटीवरून येवला-कोपरगावमार्गे शिर्डी साठेक किलोमीटर. पोरं सात-आठ वर्षांच्या आतली असतील, तर त्यांना खोपोलीपर्यंत ओढत नेण्यात अर्थ नाही. इमॅजिकाच्या मोठ्या पाळण्यांवर उंची मोजूनच आत सोडतात. पट्टीला डोकं लागलं नाही, तर पोरगं रडणार आणि तुम्ही पूर्ण तिकीट काढून बाहेर त्याची समजूत घालत बसणार. घरातून निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीला पोरांची उंची मोजा आणि पार्काच्या संकेतस्थळावर प्रत्येक पाळण्याची अट वाचा. पोरं लहान असतील तर एका रविवारी शिर्डी करा. आजी-आजोबांना साई तीर्थमध्ये बसून बघायचे देखावे आहेत, दर्शनही होतं. मग बोट स्वतंत्र करा. दोन गोष्टी जोडल्या म्हणून पैसे वाचतातच असं नाही.

पोरं मोठी असतील तर मात्र जोडी जमते. पहिला मोह स्वतःच्या गाडीचा होतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून आमणेपर्यंत पूर्ण खुला झालाय, सिन्नरजवळ गोंद्याला चढलं की घाटाची कटकट नाही. पण गाडी नेली तर बोटीवर असताना ती मुंबईत ठेवायची कुठे? त्यापेक्षा सकाळची पंचवटी एक्स्प्रेस बरी. लासलगावला बसा, कल्याणला उतरा, तिथून खोपोलीची लोकल पकडा. सकाळी मुंबईकडच्या लोकल तुडुंब असतात, उलट दिशेला बसायला मिळतं. खोपोलीच्या गाड्या मोजक्याच, वेळापत्रक आधी बघा. सामान जास्त असेल किंवा आजींचे गुडघे दुखत असतील, तर कल्याणहून सरळ भाड्याची गाडी करा. त्या रात्री मुक्काम खोपोलीला, दुसरा दिवस पार्क, तिसऱ्या दिवशी सकाळी निघून मुंबई आणि दुपारी धक्का. परतीला बोट सकाळी लागते. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूमला टाका, दिवसभर फिरा आणि संध्याकाळच्या पंचवटीनं रात्री लासलगाव.

आता हंगाम, कारण आपल्या भागात सुटी शाळा ठरवत नाही, पीक ठरवतं. दिवाळीत द्राक्षाची गोडी छाटणी होऊन गेलेली असते आणि डिपिंग, विरळणी, फवारण्या यातून मान वर काढता येत नाही. जानेवारीपासून माल सुरू. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी आणि एप्रिलमध्येच खरड छाटणी. कांदा चाळीत पडला की मग कुठे श्वास घेता येतो, म्हणजे मे महिन्याचा पहिला पंधरवडा. बोटीच्या बाजूनंही तोच शेवटचा बरा काळ. मेअखेरीला अरबी समुद्र खवळायला लागतो. गेल्या काही वर्षांत ही बोट पावसाळ्यात चेन्नईकडे नेली गेली, ती त्याच कारणानं. मेच्या सुरुवातीचं बुकिंग करायचं तर जानेवारीतच चौकशी करा, कारण सगळ्या महाराष्ट्राची सुटी तेव्हाच असते.

बोटीच्या तिकिटाबद्दल एक इशारा. जाहिरातीतला आकडा दोघांनी एक खोली घेतली तर माणशी किती, असा असतो. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवेचा आकार चढतो. सहा जणांचा पूर्ण आकडा लिहून मागा आणि मगच पैसे भरा. खोली निवडताना आजी-आजोबांसाठी बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची घ्या. तिथे हेलकावे कमी बसतात. आतली, बिनखिडकीची खोली स्वस्त असते आणि त्यात काही वाईट नाही, फक्त सकाळ झाली हे कळत नाही. मळमळीची गोळी घरच्या डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा, विशेषतः वडिलांना रक्तदाबाची औषधं चालू असतील तर.

धक्क्यावर बॅगांना चिठ्ठी लावून त्या घेऊन जातात आणि काही तासांनी तुमच्या खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. हे माहीत नसतं, म्हणून पोहण्याचे कपडे, औषधं, चष्मा सगळं मोठ्या बॅगेत जातं आणि पोरं संध्याकाळपर्यंत पोहण्याच्या तलावाकडे बघत बसतात. तेवढ्या वस्तू हातातल्या पिशवीत ठेवा. घरी केलेलं खाणं बहुतेक बोटी आत घेऊ देत नाहीत, त्यामुळे चिवड्याचा डबा धक्क्यापर्यंतच. शाकाहारी जेवणाची चिंता नको, जैन जेवणही मिळतं. बोट सुटताना सगळ्यांना बोलावून जीवरक्षक जाकिटाची माहिती देतात. कंटाळा करू नका. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांचा हा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले.

ज्यांना परदेशीच जायचंय, त्यांच्यासाठी सिंगापूर. मराठी सहल कंपन्यांनी ‘सुपरस्टार व्हर्गो’ बोट आणि सिंगापूर हे समीकरण घराघरात पोहोचवलं, २०१० साली त्यात सेंटोसाचं युनिव्हर्सल स्टुडिओज आलं. व्हर्गो चालवणारा गेंटिंग हाँगकाँग हा समूह २०२२ साली बुडाला. त्याची अर्धवट बांधलेली एक अवाढव्य बोट जर्मनीत विस्मारच्या गोदीत पडून होती. ती डिस्नेनं घेतली, ‘डिस्ने ॲडव्हेंचर’ असं नाव दिलं आणि तिचं घर सिंगापूर ठरवलं. पहिल्या सफरीची तारीख डिसेंबर २०२५ वरून १० मार्च २०२६ अशी पुढे ढकलली गेली. गंमत म्हणजे सिंगापूरला डिस्नेचं पार्क नाही, पण या बोटीवर रोलर कोस्टर आहे. पाळण्यासाठी वेगळा दिवस काढायचा का, हा प्रश्न तिथे निराळ्या पद्धतीनं सुटतो. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडून जमिनीनं वेढलेली, म्हणून तिथलं पाणी आपल्या पावसाळ्यातही बरंच शांत असतं.

सिंगापूरचा व्हिसा काढताना तो एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे बघा. बोट मलेशियाला जाऊन परत आली की तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरता. मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय, निघण्यापूर्वी ती सवलत चालू आहे का ते तपासा. आणि पोरांचे पासपोर्ट आजच कपाटातून काढून तारीख बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मोठ्यांचा दहा. आई-बापांचे चालू आणि पोराचा संपलेला, असं हमखास होतं. प्रवासाच्या दिवशी सहा महिने तरी मुदत शिल्लक हवी. नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ सुटीच्या तोंडावर लवकर मिळत नाही.

पुढच्या लेखांकात : सहल कंपनीच्या पावतीवर घेतला जाणारा टीसीएस हा कर आणि तो विवरणपत्रातून परत कसा मिळवायचा.