गोल्फच्या ग्रीनवर पाणी का साचतं?

ग्रीनवर डबकं दिसलं की लोक थेट पाइप टाकायला निघतात. आधी वीतभर खोल मातीचा तुकडा कापून बघा! काळा पट्टा दिसला आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर तिथे मुळांना हवाच मिळत नाहीये.

ग्रीनच्या रचनेतली माझी सर्वात आवडती गोष्ट म्हणजे वाळूखालची खडी. वाटतं की पाणी खडीत झरकन उतरेल. तसं होत नाही. बारीक वाळू पाणी धरून ठेवते आणि थराचा तळ जवळपास भरला की मगच ते खाली सोडते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली ग्रीनची रचना यावरच उभी आहे : वर सुमारे ३० सेंमी वाळूचं मिश्रण, खाली १० सेंमी खडी, त्याखाली चरांमध्ये पाइप. उन्हात ओल टिकते, धो-धो पावसात जास्तीचं पाणी निघून जातं. वाळूचा थर उथळ ठेवला, तर मात्र ती ओल थेट मुळांशी येते.

जुनं ग्रीन चिकणमातीचं असेल तर? वरवर थोडी वाळू मिसळू नका. बारीक कण तिच्या फटी बुजवतात. पोकळ दात्यांच्या यंत्राने मातीच्या कांड्या काढा, त्या उचलून टाका आणि भोकं कोरड्या वाळूने काठोकाठ भरा. हे वर्षानुवर्षं करावं लागतं. आपली काळी माती तर ओली झाली की फुगते, म्हणून तिथे पृष्ठभागाचा उतार आधी सुधारा.