वेफर्स रावेरला पाठविण्यापूर्वी



केळीचा भाव पडला, की एकच प्रश्न आम्हांला पुनःपुन्हा विचारला जातो : घरी वेफर्स तळून विकायचे तर किती कागद लागतील?

बागेतली केळी तशीच विकणाऱ्या शेतकऱ्याला जी.एस.टी.ची वा अन्न-परवान्याची गरज नाही. पण तीच केळी विक्रीसाठी कढईत पडली, की कायद्याच्या लेखी आपण अन्नव्यवसायी होतो.

पहिला कागद अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीचा. हा कायदा २००६ चा. २०११ च्या नियमांनी लहान धंद्याला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेल अशी सोय केली. त्या वेळी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख व फी वर्षाला १०० रुपये ठेवली होती. हे आकडे बदलत असतात, तेव्हा अर्ज करतेवेळी चालू आकडा पाहून घ्यावा. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

आता खरी मेख. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत जी.एस.टी. नोंदणी लागत नाही, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. लोधीपुऱ्यात दर्गा-ए-हकीमीला येणाऱ्या यात्रेकरूंना दुकानातून पाकिटे विकली, तर ही सूट आपल्याला लागू आहे. परंतु तोच माल रावेरच्या दुकानदाराला पाठविला की सूट संपली. रावेर आपल्याला हाकेच्या अंतरावर वाटते, भाषा एक, सोयरीकही तिकडेच. कायद्याला मात्र ते परराज्य आहे. परराज्यात करपात्र माल विकणाऱ्याला पहिल्या पाकिटापासून नोंदणी सक्तीची आहे, उलाढाल कितीही लहान असो. छोट्या व्यापाऱ्यांची कंपोझिशन योजनाही त्याला मिळत नाही. नोंदणी चुकविल्यास १० हजार रुपये किंवा बुडविलेला कर, यांत जे जास्त असेल तो दंड. आमच्या मते पहिले वर्षभर माल जिल्ह्यातच विकावा, हिशेबाची सवय होऊ द्यावी, मग सीमा ओलांडावी.

पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, बॅच क्रमांक, आपले नाव-पत्ता व शाकाहाराचा हिरवा ठिपका हवा. वजन पडताळणीचा शिक्का असलेल्या काट्यावर करावे. घरातला बिनशिक्क्याचा काटा चालणार नाही.

तेलाबद्दल दोन शब्द, कारण येथे गिऱ्हाइकाच्या पोटाचा प्रश्न आहे. तेच तेल पुनःपुन्हा तापविले की त्यात अपायकारक घटक साचतात. असे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास २०१८ पासून मनाई आहे. घरी मोजमाप नसते. तेल काळसर, दाट झाले, फेस धरू लागले, की काढून टाकावे. कालच्या तेलात नवे तेल ओतून काम भागवू नये.

उद्यम नोंदणी २०२० पासून आधार क्रमांकावर होते व ती सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. तिच्यासाठी कोणी सरकारी फी म्हणून पैसे मागितले तर देऊ नयेत.

केंद्राने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना काढली. तीत बुऱ्हाणपूरसाठी केळी निवडली गेली. खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असे कर्जाशी जोडलेले अनुदान तीत ठेवले होते. ते आज मिळते का, हे यंत्राची आगाऊ रक्कम देण्याआधी उद्यान विभागाच्या कार्यालयात विचारावे.